१६ वर्षांची मुलगी आणि अभ्यासिकेतला ‘दादा’

प्रश्न : आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. मुलगी १६ वर्षं ५ महिन्यांची, अकरावी सायन्सला, नीटची तयारी करते. एकुलती एक. आजवर तिला कुठं एकटीला पाठवलं नाही, क्लासला सोडायला-आणायलाही तिचे पप्पा जातात. घरी अभ्यास होत नाही म्हणून जूनपासून अभ्यासिका लावली. तिथं एमपीएससी करणारा २६ वर्षांचा एक मुलगा आहे. ती त्याला दादा म्हणायची, तो तिला फिजिक्सची गणितं सांगायचा. मागच्या आठवड्यात तिच्या मोबाईलमधले मेसेज मी वाचले. दोघांचं प्रेम आहे. अठरा पूर्ण झाली की लग्न करू, असं त्यानं लिहिलंय. तिचे पप्पा म्हणतात मोबाईल फोडतो, अभ्यासिका बंद करतो. सासूबाई म्हणतात, मुलगा आपल्याच समाजातला आहे, घरचं बरं आहे, आत्ताच बोलणी करून ठेवू, आमच्या वेळी सोळाव्या वर्षी लग्नंच व्हायची. मुलीला अजून कुणी काही बोललेलो नाही. शनिवारी दुपारनंतर तिला क्लास नसतो, तेव्हा तुमच्याकडं घेऊन येऊ का?

उत्तर :

ताई, तिला अजून कुणी काही बोललं नाही, हे फार बरं झालं. मोबाईल शाबूत आहे, ती रोज जेवतेय, अभ्यासिकेला जातेय. एवढं हातात असताना पुष्कळ काही करता येतं.

पप्पांना आधी माझी एक गोष्ट सांगा. समुपदेशनाचं हे काम मी २३ वर्षं करतेय. सुरुवातीच्या काळात अशाच एका घरी मी वडिलांना सल्ला दिला होता की मुलीचं बाहेर जाणं बंद करा. मोबाईल तेव्हा घरोघरी नव्हते, म्हणून लँडलाइनला कुलूप लावायला सांगितलं. मुलगी १७ वर्षांची, तो माणूस तिशीतला. चौथ्या दिवशी ती घरातून निघून गेली. दोन दिवसांनी मिरजेच्या स्टेशनवर सापडली. जीव सुखरूप होता, पण बारावीचं वर्ष गेलं, आणि घरी कुणाच्या नजरेला नजर देणं तिनं कित्येक महिने सोडून दिलं होतं. ती चूक माझी होती. आधीच तिच्या जगात माणसं थोडी, ती सगळी आम्ही तीन दिवसांत काढून घेतली. उरला तो एकटा. मग ती त्याच्याकडं जाणार नाही तर कुठं जाणार? त्यानंतर दारं-खिडक्या लावून घ्या, असं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

आता तुमच्या मुलीला त्याच्याकडून काय मिळतंय, ते बघू. तुम्ही लिहिलंय की तिला आजवर एकटीला कुठं पाठवलं नाही. तुम्ही ते मायेनं केलंत, मला दिसतंय. पण १६ वर्षांच्या मुलीला आतून एक भूक लागलेली असते : मला कुणीतरी मोठं समजा. माझं मत विचारा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडं एक मुलगी यायची (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलतेय), अशीच जपून वाढवलेली. तो माणूस तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा होता. तुला त्याच्यातलं काय आवडलं, असं मी विचारलं. मला वाटलं दिसणं सांगेल, बोलणं सांगेल. ती बराच वेळ ओढणीच्या टोकाचा धागा ओढत बसली आणि म्हणाली, “मॅडम, आम्ही हॉटेलात गेलो तेव्हा त्यानं मेन्यू कार्ड माझ्याकडं दिलं. तुला काय खायचंय म्हणाला. घरी पप्पाच सगळ्यांचं सांगतात. मला वाचताच येईना त्यातलं काही. मग मी मसाला डोसाच म्हटलं, पण माझं मी म्हटलं.”

त्या एका डोशापायी ती त्याच्यासाठी सगळं जग सोडायला तयार होती. ती मूर्ख नव्हती. तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं, एवढंच.

तुमच्या मुलीच्या बाबतीतही तसंच काही असण्याची शक्यता मला मोठी वाटते. त्यानं फिजिक्सची गणितं सांगितली, म्हणजे तिच्या बुद्धीला मान दिला. दिवसभराचं ऐकून घेतलं. एमपीएससीच्या मुलांकडं राज्याचं, देशाचं, प्रशासनाचं बोलणं असतं, त्यात तिला सामील करून घेतलं. ही सगळी चांगली चीजवस्तू आहे, आणि ती मिळायचा तिला हक्कच आहे. फक्त ती २६ वर्षांच्या पुरुषाच्या हातून, चोरून, आणि त्याच्या मर्जीवर मिळते आहे. खोट आहे ती इथं.

तिचे पप्पा त्याला लफंगा म्हणत असतील. असेलही, नसेलही. मी अभ्यासिकांतली ही मुलं खूप पाहिलीयत. चार-पाच वर्षं परीक्षा देऊन थकलेली, बरोबरीचे मित्र नोकरीला लागलेले, घरून रोज एकच प्रश्न : निकाल कधी? अशा मुलाकडं एक सोळा वर्षांची पोर डोळे मोठे करून बघते, तेव्हा त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागतं. त्याचा एकटेपणा मला कळतो. पण त्याच्या एकटेपणाची भरपाई तुमच्या मुलीनं करायची नाही. तो मतदान करतो, त्याला कायदा पाठ आहे, पुढं लोकांचा कारभार बघण्याची त्याची तयारी चालू आहे. थांबायचं कुठं, हे ठरवायची जबाबदारी दोघांतल्या मोठ्याची, म्हणजे पूर्ण त्याची. तिच्यावर त्यातली अर्धीही येत नाही. हे तुम्ही दोघांनी मनात पक्कं धरा, कारण तिच्याशी बोलताना तुमच्या आवाजात ते उतरायला हवं.

“दहा वर्षांचं अंतर तर आमच्यातही आहे,” असं काही पालक मला सांगतात. २६ आणि ३६ यांत दहा वर्षांचं अंतर असतं तेव्हा दोघांनाही कमावता येतं, भांडून निघून जाता येतं, स्वतःचं भाडं भरता येतं. १६ आणि २६ मध्ये एकाकडं हे सगळं असतं आणि दुसरीकडं एसटीचा पास असतो. भांडण झालं तर तो रूमवर जाऊन झोपतो. ती कुणाला सांगू शकत नाही, कारण सांगायचं तर आधी चोरी कबूल करावी लागते.

मेसेज तुम्ही वाचलेत, म्हणून सांगते, त्यात काही गोष्टी दिसल्या असतील तर मला कळवा. “तू इतर मुलींसारखी नाहीस, तुला वयाच्या मानानं खूप समज आहे,” हे वाक्य आहे का? या एका वाक्यानं जितक्या मुली अडकलेल्या मी पाहिल्यात, तितक्या कुठल्या भेटवस्तूनं नाही. मेसेज डिलीट कर, असं तो सांगतो का? मैत्रिणींची, तुमची नालस्ती करतो का? रिप्लायला उशीर झाला की रुसतो, शपथा घालतो, जिवाचं बरंवाईट करून घेईन म्हणतो का? फोटो मागतो का? पैसे, रिचार्ज, भेटवस्तू यांची देवघेव आहे का? यातलं काहीच नसेल तर हाताळणं थोडं सोपं आहे. फोटो किंवा शपथा असतील तर शनिवारची वाट बघू नका, मला लगेच सांगा.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांच्या वेळी तसं होतंच. पण ते बदलावं म्हणून आपल्याच मुलखातल्या बायकांनी काय सोसलं, तेही त्यांना सांगा. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलं होतं. त्यांनी नांदायला जायचं नाकारलं, नवऱ्यानं दावा लावला, आणि १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढं त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. १८६० च्या दंडसंहितेत शरीरसंबंधांसाठी मुलीच्या संमतीचं वय १० होतं. रखमाबाईंचा खटला आणि बंगालमध्ये फुलमणी नावाच्या कोवळ्या मुलीचा नवऱ्याकडून झालेला मृत्यू, यांवरून देशभर वाद पेटला आणि १८९१ मध्ये ते १२ झालं. वाढत वाढत २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) ते १८ वर आलं. दहाचे अठरा व्हायला दीडशे वर्षं लागली आहेत.

आजचा कायदा सरळ शब्दांत असा. नुसतं आवडणं, बोलणं, मैत्री हा गुन्हा नाही. पण १८ च्या आतल्या मुलीशी लैंगिक हेतूनं केलेली कुठलीही गोष्ट, अगदी तसे मेसेज आणि फोटो मागणंसुद्धा, गुन्ह्यात येते. “तिची हरकत नव्हती” ही सबब तिथं चालत नाही. आणि असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे (पॉक्सोचं कलम १९). यात मीही आले, डॉक्टर आले, तुम्हीही आलात. म्हणून ती माझ्यासमोर बसली की मी तिला आधीच सांगते की बहुतेक सगळं तुझ्या-माझ्यात राहील, पण अमुक एक गोष्ट कळली तर मला कळवावं लागेल. आधी गोड बोलून काढून घ्यायचं आणि मग पोलिसांकडं जायचं, हा तिचा दुसऱ्यांदा विश्वासघात ठरेल. तसं काही निघालंच तर घाबरू नका. मुलीचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेतात, पोलीस गणवेशात येत नाहीत. तिचं नाव कुठं छापता येत नाही. आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर चोवीस तास फुकट फोन लागतो, तो तीसुद्धा करू शकते.

मात्र काहीच घडलेलं नसताना “तुझ्यावर पॉक्सो लावतो” अशी धमकी पप्पांनी त्याला देऊ नये. आणि काही घडलेलं असेल तर ‘पोरीची बदनामी’ म्हणून दडपूही नये. मी दोन्ही पाहिलंय, दोन्हीत भरडली गेली ती मुलगीच. सोळा ते अठरा वयातल्या प्रेमसंबंधांना हा कायदा सरसकट लावावा का, यावर देशात चर्चा चालू आहे. कायद्यांतले बदल सरकारला सुचवणाऱ्या विधी आयोगानं २०२३ च्या २८३ व्या अहवालात संमतीचं वय १८ च ठेवा, पण अशा खटल्यांत न्यायाधीशांना तारतम्य वापरायला वाव द्या, असं सुचवलं. एकाच वर्गातल्या, जवळजवळ एका वयाच्या मुलामुलींसाठी ही चर्चा मला फार गरजेची वाटते. १६ आणि २६ ला ती लागू करायला मी तयार नाही.

आणि “आपल्याच समाजातला आहे” याबद्दल थोडं कडक बोलते, राग मानू नका. इतकी वर्षं मी बघतेय : मुलगा परजातीचा निघाला की घरचे कोयता काढायला उठतात, आणि त्या गदारोळात मुलगी १६ ची आहे, तो २६ चा आहे, हे कुणाला आठवतच नाही. मुलगा जातीतला निघाला की तेच घर म्हणतं, साखरपुडा उरकून घेऊ. वय दोन्हीकडं तेच असतं. तुमच्या मुलीचा प्रश्न जातीचा कधी नव्हताच. आत्ता बोलणी करून ठेवलीत तर जे नातं चोरून होतं त्याला घरचा शिक्का मिळेल, त्याचं येणंजाणं सुरू होईल, आणि पुढं सतराव्या-अठराव्या वर्षी तिला नको वाटलं तर “सगळ्यांना सांगून झालंय” म्हणून तिला मागं फिरता येणार नाही. मुलींना मागं फिरायची वाट ठेवा. लग्नाबद्दल आत्ता हो नको, नाही पण नको. “तू शिक, वीस-एकविसाची हो, तेव्हा तुझं तू सांग,” एवढंच. आणि अठरा पूर्ण व्हायच्या आत कुणी लग्नाचा घाट घातलाच तर तो बालविवाह होतो, गावात त्यासाठी ग्रामसेवकाकडं बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचं काम असतं, हेही घरात एकदा बोलून ठेवा.

तिच्याशी बोलायचं कसं, हा तुमच्यासाठी सगळ्यात अवघड भाग आहे. समोरासमोर बसवून, दार लावून, पप्पांना शेजारी घेऊन बोलू नका, ते कोर्ट होतं. हाताला काम घ्या. मटार सोलायला घ्या, कपड्यांच्या घड्या घालायला घ्या. दोघींचे डोळे कामावर असले की अवघड शब्द सोपे होतात. आणि सुरुवात तुमच्या चुकीपासून करा : “मी तुझा मोबाईल बघितला. तुला न विचारता बघितला, ते चुकलं. पण बघितलंय, आणि आता मला काळजी वाटतेय.” ती भडकेल. भडकू द्या. रडेल, उठून जाईल. तुम्ही मटार सोलत राहा. ती परत आली की विचारा, “तो तुझ्याशी कसा वागतो?” त्याच्याबद्दल वाईट एक शब्द बोलू नका. तुम्ही त्याला नावं ठेवलीत की ती त्याची वकील होते, आणि मग तिच्या स्वतःच्या मनात ज्या शंका असतात त्या ती तुमच्यासमोर कधी उघडत नाही. शंका असतातच, ताई. त्या मसाला डोशाच्या मुलीनं पाचव्या भेटीत आपण होऊन सांगितलं होतं, की तो तिच्या मैत्रिणींना ‘बालिश’ म्हणतो तेव्हा तिला आतून कसंतरी होतं, कारण मैत्रिणी तिच्याच वयाच्या होत्या.

एक वाक्य मात्र स्पष्ट बोला, आवाज न चढवता : “आवडणं तुझ्या हातात नाही, त्यासाठी मी तुला रागावणार नाही. पण तो मोठा आहे, थांबायचं त्यानं होतं. म्हणून आता भेटणं आणि मेसेज थांबवायचं आम्ही त्याला सांगणार आहोत. तुला सांगून सांगणार आहोत, चोरून नाही.”

त्याच्याशी पप्पांनी बोलावं, एकट्यानं किंवा एका शहाण्या नातेवाइकाला घेऊन. चुलतभावांची फौज न्यायची नाही, अंगाला हात लावायचा नाही. पाच मिनिटांचं बोलणं : ती १६ ची आहे, तुम्ही २६ चे आहात, आजपासून संपर्क नाही, फोटो-मेसेज काही असतील तर कुणाला पाठवायचे नाहीत. त्याच्या घरच्यांची, परीक्षेची धमकी नको. अभ्यासिकेच्या मालकाला एवढंच सांगा की मुलींची बैठक वेगळी ठेवा किंवा वेळ बदलून द्या. अभ्यासिका पूर्ण बंद करू नका. ती तिच्या अभ्यासाची जागा आहे, चूक मोठ्याची असताना जागा तिनं का सोडायची? अगदीच जमत नसेल तर दुसरी अभ्यासिका बघा, पण ती निवडायला तिला बरोबर न्या.

यानंतर ज्या कामाला लागायचंय ते महिन्यांचं आहे. तिला मोठं व्हायचंय, ते घरातून होऊ द्या. बँकेत तिच्या नावानं बचत खातं काढा. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवायचं खातं बँका देतात, हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं. महिन्याला पाचशे रुपये टाका आणि हिशेब मागू नका. कोल्हापूरला मावशी असेल, आत्या असेल, तर तिला एकटीला एसटीनं पाठवा. बायकांना अर्धं तिकीट आहे आता. स्टँडवर सोडायला जा, पण गाडीत ती एकटी चढू दे, पोचल्याचा फोन तिचा तिनं करू दे. पहिल्या वेळी तुमच्या पोटात गोळा येईल, तो सोसा. वर्गातल्या मुलामुलींना घरी येऊ द्या, मुलांनाही. आपल्या वयाच्या मुलाशी सरळ मैत्री करायची सोय नसली की मुली थेट मोठ्यांपाशी पोचतात, कारण ‘दादा’ म्हटलं की घरचे शंका घेत नाहीत. आणि तिला नीटची परीक्षा द्यायचीच आहे का, हे एकदा खरंच विचारा. उत्तर ऐकायची तयारी ठेवूनच विचारा.

संपर्क थांबला की ती दुःखी होईल. ‘या वयात असंच असतं’ म्हणू नका. तिचं दुःख खरं आहे. पहिले दोन-तीन आठवडे जेवण कमी होईल, झोप बिघडेल, अभ्यास मागं पडेल. तिच्या खोलीत झोपा, पण पहारा दिल्यासारखं नको. मरणाचं बोलू लागली, वस्तू वाटून टाकू लागली, किंवा एकदम गप्प होऊन फार शांत दिसू लागली तर एक तासही थांबू नका. डॉक्टरकडं न्या, मला फोन करा, आणि रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलिमानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, तिथं मराठीत बोलता येतं. तो चोरून संपर्क करेल, तीही करेल, एकदोनदा. तेव्हा पुन्हा पहिल्यापासून आरडाओरडा नको. मटारांपाशी परत बसा.

भेटीचं सांगते. पहिली पंधरा मिनिटं तुम्ही दोघी आत बसा, मग तिला एकटीला माझ्यापाशी सोडून तुम्ही बाहेर थांबा. बाहेर आल्यावर “काय बोललीस?” असं विचारायचं नाही. मीही तुम्हाला सगळं सांगणार नाही, तिच्या सुरक्षिततेचं तेवढं सांगेन. पप्पांना पुढच्या वेळी वेगळं बोलावेन, त्यांच्याही मनात पुष्कळ साठलेलं असणार, आणि एवढी वर्षं रोज सोडायला-आणायला जाणाऱ्या बापाला हे किती लागलं असेल ते मला कळतंय.

शनिवारी दुपारी मी रिकामी आहे. पण वेळ आत्ता पक्की करू नका. तुमचं तिच्याशी बोलणं होऊ द्या, मग तिला विचारा की अशा एक मॅडम आहेत, यायचंय का, आणि यायचं तर कधी. ती सांगेल ती वेळ मला कळवा.